वाढत्या अंगाचा बोर्ड

परवा रविवारी सकाळी सकाळी भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे आमच्या ताईचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त इकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी आला आणि गेल्या उन्हाळ्यात मीच त्याला विंडसर्फिंगच्या नादाला लावलं. (ताई, वाचत असशील तर सगळा दोष माझा. पोरगं गुणी आहे.) आवाज असा, की जणू लॉटरी लागलीये.

"मामा, बोर्ड मिळाला! नव्व्याण्णव लिटरचा. जवळजवळ नवाच आहे, आणि निम्म्या किमतीत!"

"तुझं वजन किती रे?"

"शहात्तर. का?"

"आणि वॉटरस्टार्ट जमतो?"

"जमेल ना! म्हणून तर हा घेतोय. तू नाही का म्हणायचास, आजी सगळं वाढत्या अंगाचं आणायची म्हणून? तसाच समज. वाढत्या अंगाचा बोर्ड!"

मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, पोराची चूक काय? त्याला किनाऱ्यावर भेटणारा प्रत्येक जाणता माणूस हेच सांगतो. "मोठा बोर्ड कशाला घेतोस, सहा महिन्यांत कंटाळशील." "लहान घे, आपोआप शिकशील." हे ऐकून ऐकून माझेही कान किटलेत. तेव्हा आज एकदाच काय ते मनातलं सगळं ओकून टाकतो.

सुरुवात आजीच्या शर्टापासून. वाढत्या अंगाचा शर्ट म्हणजे काय हो? ढगळ शर्ट! खांदे कोपरापर्यंत आलेले, बाह्या दुमडलेल्या, आणि आत अजून एक पोरगं मावेल इतकी जागा. 'दोन वर्षांनी नीट बसेल' म्हणून आपल्याला मोठ्या मापाचे कपडे मिळाले. एखाद्या आईने पोराला दोन मापं लहान शर्ट आणला आणि म्हणाली, 'असू दे, अंग आक्रसेल हळूहळू', असं कुणी पाहिलंय का? म्हणजे आमच्या भाच्याने म्हण बरोबर आठवली आणि शर्ट मात्र उलटा घातला. :)

आता ज्यांना या खेळाचा गंध नाही अशा मंडळींसाठी (म्हणजे बहुतेक सगळे नातेवाईक) थोडं समजावून सांगतो. विंडसर्फिंगचा बोर्ड म्हणजे एक फळी, तिच्यावर उभी डोलकाठी, डोलकाठीला शीड, आणि शिडाला दोन्ही हातांनी धरायला आडवा बूम. सुकाणू नाही, शीड पुढे-मागे कलंडवून दिशा बदलायची. बोर्डाचं माप लिटरमध्ये सांगतात. एवढं लांबरुंद लाकूड लिटरमध्ये का मोजायचं? तर आर्किमिडीज. बोर्डाने जितकं पाणी बाजूला सारलं तितकं वजन तो तरंगवणार. गोड्या पाण्यात एका लिटरला एक किलो, समुद्राच्या पाण्यात साधारण एक किलो पंचवीस ग्रॅम.

आता भाच्याचा हिशोब मांडूया. त्याचं वजन ७६ किलो. ओला वेटसूट, बूट, हार्नेस मिळून ४. बोर्डाचं स्वतःचं वजन ७. डोलकाठी, बूम आणि शीड मिळून ९. एकूण ९६ किलो. आणि ९९ लिटरचा बोर्ड खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडाला तर उचलणार साधारण १०१ किलो. शिल्लक किती? पाच किलो. म्हणजे भाजीची एक पिशवी! एवढ्या शिलकीवर त्याने खाडीच्या लाटांत उभं राहायचं आणि पाण्यात पडलेलं, पाण्याने जड झालेलं शीड दोरीने वर ओढायचं.

तेच १४० लिटरचा बोर्ड घेतला तर? तो स्वतः दोन किलो जास्त जड धरू, म्हणजे एकूण ९८. उचलणार १४३. शिल्लक ४५ किलो. कागदावर बोर्ड चाळीस टक्क्यांनी मोठा दिसतो, पण पायाखालची शिल्लक नऊपट झाली! पगार आणि बचतीसारखंच आहे हे. दोघांच्या पगारात थोडाच फरक असला तरी महिनाअखेरीस एकाकडे उरतात आणि दुसरा उसने मागतो.

आणि नुसत्या लिटरवर जाऊ नका. रुंदी बघा, रुंदी! ९९ लिटरचा बोर्ड साधारण ६३ सेंटिमीटर रुंद असतो, १४० चा ७८ च्या आसपास. बाजूला कलंडण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या फरकाने स्थैर्य जवळपास दुप्पट. होडीवाल्या कुठल्याही कोळ्याला हे घनबिन न काढता कळतं. विकणारे मात्र लिटरही सांगत नाहीत आणि रुंदीही नाही. ते सांगतात, 'काय पळतो म्हणून सांगू!'

पळतो ना! कोण नाही म्हणतंय? वारा पुरेसा असला की बोर्ड पाणी कापायचं सोडून पाण्याच्या पृष्ठावर चढतो आणि चपटा दगड टप्पे खात जावा तसा सुसाटतो. याला प्लेनिंग म्हणतात, आणि एकदा ते अनुभवलं की माणूस कामातून जातो. प्लेनिंग सुरू झालं की लिटरचं महत्त्व खरंच संपतं. तेव्हा बोर्डाला पाण्याचा वेग उचलून धरतो, आर्किमिडीज नाही. त्यामुळे जोराच्या वाऱ्यात लहान बोर्ड जास्त हलका, जास्त वळणारा, जास्त आज्ञाधारक वाटतो. लहान बोर्डाची जाहिरात करणारे सगळे या अवस्थेबद्दल बोलत असतात.

पण माझा साधा प्रश्न आहे. त्या अवस्थेच्या आधी काय? आणि नंतर काय?

(आई, पुढचे तीन परिच्छेद सोडून दे आणि डायरेक्ट 'आता विरोधी पक्षाचं ऐकू' इथून वाच. काही विशेष नाही, टेक्निकल आहे.)

२०१९ च्या जुलैमधली गोष्ट. मी तेव्हा तिसऱ्या वर्षात होतो आणि वजन ८२ किलो. एका दुकानदाराने मला १०५ लिटरचा बोर्ड विकला होता. त्याने मला एकच प्रश्न विचारला, 'किती वर्षं करताय?' कुठे करता, वारा किती असतो, पडल्यावर परत कसे उभे राहता, यातलं काही नाही. त्या दुपारी मी फॉस्टर सिटीच्या थर्ड अव्हेन्यूच्या किनाऱ्यावरून निघालो. तीन वाजता वीस नॉटचा वारा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यातली जमीन तापते, पॅसिफिक मात्र थंडच, आणि मग गोल्डन गेटच्या खिंडीतून आणि डोंगरांच्या फटींतून गार हवा आत घुसते. दुपारी भरात येणारा हा वारा बहुतेक वेळा शहाण्यासारखा वागतो. बहुतेक वेळा.

त्या दिवशी किनाऱ्यापासून मैलभर आत असताना दहा मिनिटांत वारा वीसवरून सहा-सातवर आला. मी पडलो. वॉटरस्टार्ट म्हणजे पाण्यात पडल्या पडल्या शिडात वारा धरायचा आणि त्याच्या ओढीने बोर्डावर चढायचं. मला तो दहातून पाच वेळा जमायचा, पण वाराच नसेल तर कुणाच्या ओढीने चढणार? मग दोरीने शीड ओढायला उभा राहिलो, तर बोर्ड गुडघ्याएवढा खाली. पुंडलिकाने विटेवर उभं केलेल्या विठोबासारखा मी, फक्त वीटच बुडालेली. सात-आठ वेळा प्रयत्न केला आणि दम संपला. भरती सुरू झाली होती आणि पाणी मला सॅन मटेओच्या पुलाकडे न्यायला लागलं. अकरा किलोमीटर लांबीचा पूल आहे तो. वरून गाड्या जात होत्या. माणसं घरी चालली होती.

शीड गुंडाळून बोर्डावर पालथा पडून हातांनी वल्हवायला लागलो. तेवढ्यात सत्तरीचा एक गृहस्थ आला, जुनापुराणा लांबलचक बोर्ड, मध्यभागी खाली सोडलेली सेंटरबोर्डाची पट्टी, भलं मोठं शीड. त्या सहा नॉटच्या वाऱ्यात हा माणूस संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखा सरळ उभा, आणि चक्क वाऱ्याच्या दिशेने वर चढत चाललेला. त्याने विचारलं, "सगळं ठीक?" आणि मी, मराठी बाणा, म्हणालो, "ठीक!" त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, काही न बोलता किनाऱ्यावर गेला आणि मदत मागितली. मासेमारीच्या एका होडीने मला पुलाजवळ उचललं तेव्हा बोटं बधिर झाली होती. एक तास पन्नास मिनिटं. घरी सांगितलं, 'आज वारा उशिरापर्यंत होता'. बायकोला खरं काय ते पुढे वर्षभराने कळलं, आणि आईला आज कळेल, कारण ती हे परिच्छेद सोडणार नाही हे मला पक्कं माहीत आहे.

असो. आता विरोधी पक्षाचं ऐकू.

पहिला आक्षेप: 'लहानावर टाकलं की माणूस आपोआप शिकतो.' आजोळी मी विहिरीत पोहायला शिकलो. आजोबांनी काठावरून ढकललं हे खरं, पण पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून! हात-पाय मारता यायला लागल्यावर एक दिवस डबा निघाला. ढकलण्याची गोष्ट सगळे सांगतात, डब्याची कुणी सांगत नाही. लहान बोर्डावर माणूस शिकतो काय, तर पडणं. तासाभरात चाळीस मिनिटं पाण्यात गेली तर वळण घेण्याचा सराव कधी करणार? हार्नेसमध्ये लटकायचा, पाय पट्ट्यांत घालायचा सराव कधी करणार? हात शिकतात ते पुन्हा पुन्हा केल्याने, आणि पुन्हा पुन्हा करायला आधी उभं राहायला लागतं.

दुसरा आक्षेप: 'मोठा बोर्ड जोराच्या वाऱ्यात उधळतो.' शंभर टक्के मान्य. वीस-बावीस नॉटच्या वर, उसळत्या पाण्यात, १४० लिटरचा रुंद बोर्ड पिसाळलेल्या खोंडासारखा वागतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे बाराचे अठरा नॉट झाले की जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. पण मला सांगा, अजून धड उभं राहता न येणाऱ्या माणसाचं पंचवीस नॉटमध्ये काय काम आहे? त्या दिवशी शीड लहान लावा, खालचं फिन लहान लावा, किंवा काठावर बसून बघा. बघण्यातूनही बरंच कळतं. आणि वर्षातले असे दिवस मोजा की! मी वही ठेवतो. अलामेडाच्या किनाऱ्यावरचे माझे तीनातले दोन दिवस सोळा नॉटच्या आतले असतात. उरलेल्या एका दिवसासाठी बोर्ड घ्यायचा आणि दोन दिवस तो गाडीच्या टपावर मिरवायचा, हा कुठला हिशोब?

तिसरा आक्षेप: 'दोनदा पैसे कशाला घालवायचे?' हा मात्र आपल्या मध्यमवर्गीय काळजाला भिडतो. पण वापरलेला मोठा बोर्ड घेतला तर दोन वर्षांनी जवळपास त्याच किमतीला जातो, कारण नवे शिकणारे रोज येतच असतात. उलट भाच्याला 'निम्म्या किमतीत' मिळालेला 'जवळपास नवा' लहान बोर्ड बघा. तो जवळपास नवा का आहे? याचा विचार केलाय का? आधीच्या मालकानेही तो वाढत्या अंगाचाच घेतला असणार!

आणि इथेच माझा खरा राग आहे. माझ्याबरोबर शिकायला लागलेले तिघं आता हा खेळ खेळत नाहीत. तिघांनीही घाईने लहान बोर्ड घेतले होते. त्यातला एकही जण 'बोर्ड चुकीचा होता' असं म्हणाला नाही. तिघंही म्हणाले, 'मला नाही जमत.' चाळिशीच्या माणसाने एखादी नवी गोष्ट हौसेने हातात घ्यावी, दोन उन्हाळे धडपडावं आणि शेवटी आपल्यातच काही कमी आहे असं समजून ती खाली ठेवावी, याचं मला फार वाईट वाटतं. चांगली-चांगली माणसं होती ती. वीस लिटर जास्त असते तर आज माझ्याबरोबर असती.

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. १९७० च्या दशकातला मूळचा 'विंडसर्फर' हा बोर्ड बारा फूट लांब होता. जड, पण कुणीही त्यावर तळ्यात तरंगू शकायचा. मग १९८० च्या दशकात हवाईच्या लाटांवर उड्या मारणारे आखूड बोर्ड आले. फोटो अप्रतिम! ते बघून जगभरच्या तळ्याकाठच्या लोकांनी हवाईचे बोर्ड घेतले, हवाईचा वारा मात्र दुकानात मिळत नव्हता. खेळाची गर्दी ओसरण्याला पुढे इतरही कारणं झाली असतील, पण माझ्या मते हे मोठं कारण. २००० च्या आसपास रुंद बोर्ड पुन्हा आले तेव्हा कुठे नवशिक्यांना श्वास घेता आला.

आणि 'मोठा बोर्ड म्हणजे नवशिक्या' हा समज किती खोटा! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला आयक्यूफॉइल बोर्ड ९५ सेंटिमीटर रुंद होता. त्याआधी २००८ पासून टोकियोपर्यंत वापरला गेलेला आरएस:एक्स ९३ सेंटिमीटर. आता, ते रुंदी वापरतात ती आपल्यासारखी उभं राहता यावं म्हणून नाही, प्रचंड शीड आणि खालचा फॉइल पेलायला म्हणून, हे मान्य. पण मुद्दा असा की जगातली उत्तम माणसं बोर्ड निवडतात तो कामाप्रमाणे. मापाची लाज त्यांना वाटत नाही, ती वाटते आपल्याला.

मग लहान बोर्ड घ्यायचाच नाही का? घ्यायचा की! आयुष्यभर २०० लिटरच्या शिकाऊ फळीवर बसून राहणंही चूकच, त्यावर पाय पट्ट्यांत जात नाहीत आणि प्लेनिंग हाती लागत नाही. माझा ठोकताळा असा. अगदी शिकताना वजन अधिक शंभर. धडपडत सुधारणाऱ्याला वजन अधिक पन्नास ते साठ. वॉटरस्टार्ट दहातून आठ वेळा खोल पाण्यात जमला, हार्नेस आणि दोन्ही पट्ट्या सवयीच्या झाल्या, आणि जिथून निघालो तिथेच परत येता यायला लागलं, की वजन अधिक तीस-चाळीस. एका पायरीला वीस-तीस लिटर, त्याहून जास्त नाही. आणि नवा लहान बोर्ड आला म्हणून जुना मोठा लगेच विकू नका, एक उन्हाळा दोन्ही ठेवा.

हे सगळं विसरलात तरी एकच प्रश्न लक्षात ठेवा, जो मला दुकानदाराने विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही: आत्ता, इथे, वारा पडला तर या बोर्डावर उभं राहून मी घरी येऊ शकतो का? उत्तर 'नाही' असेल तर तो बोर्ड अजून आपला नाही. कितीही पळत असो.

तर भाचेबुवा, तो ९९ लिटरचा बोर्ड ज्याचा आहे त्याला सुखाने परत कर. माझ्या गॅरेजमध्ये १४५ लिटरचा एक म्हातारा बोर्ड आहे, टोकाला ठिगळ लावलेला, रंग उडालेला. मी पुलाजवळून परत आल्यानंतर पुढच्याच आठवड्यात घेतला होता. दोन उन्हाळे तो तुझा. फुकट. शनिवारी दोन वाजता अलामेडाला ये, वारा बारा-चौदाचा दिसतोय. आणि येताना आईला फोन करून सांग की मामा बरोबर आहे.

ढगळ वाटेल थोडा. वाटू दे. बाह्या दुमडून घालू.